चार बरे की बारा? कॉलेज फुटबॉलचा राजा ठरवायच्या पद्धती

अमेरिकेत दोन-तीन हंगाम काढले की हा प्रश्न आपल्यापर्यंत येतोच. ऑफिसात कॉफी भरून घेताना कोणीतरी विचारतं, नाहीतर लेकीला डॉर्मवर सोडायला गेलो की तिच्या रूममेटचे वडील. परवा टेक्सासहून भाच्याचा फोन आला. "मामा, इथे रोज यावरून भांडणं होतात. चार संघांचं प्लेऑफ बरं होतं की बारांचं? आणि आमचे एक म्हातारे प्रोफेसर म्हणतात, त्या दोन्हींपेक्षा कॉम्प्युटर बरा होता. मी कोणाच्या बाजूने बोलू?"

त्याला फोनवर तुटक तुटक सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितो. खेळाचे नियम बाजूला ठेवतो. एवढं माहीत असलं की पुरे: कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, बोल म्हणजे हंगामाअखेरचा खास सामना आणि प्लेऑफ म्हणजे विजेता ठरवायची बाद फेरी. मी मूळचा सांगलीचा. २००० च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेटला शिकायला टॅलाहासीत उतरलो. तोपर्यंत फुटबॉल म्हणजे कोल्हापुरातल्या पेठापेठांतला, पायाने खेळायचा, एवढंच माहीत होतं. घरच्या पहिल्याच सामन्याला रूममेटनी ओढत नेलं आणि मी गेलो तो गेलोच. पुढे नोकरीने कोलंबसला आणलं. बायको ओहायो स्टेटची, आता लेकही तिथेच. म्हणजे माझं माहेर फ्लोरिडा स्टेट आणि सासर ओहायो स्टेट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या लिहिण्याला माहेरचा वास येणार आहे.

दुखण्याचं मूळ साधं आहे. संघ १३० हून जास्त आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने बारा. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. तेव्हा कोणीतरी बसून निवड करावी लागते, आणि सगळी भांडणं दोनच गोष्टींवर होतात: निवडायचं कोणी आणि निवडायचे किती. गंमत अशी की या सर्वांत वरच्या पातळीवर एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, स्वतः विजेतेपद देतच नाही. एक पायरी खालच्या गटात १९७८ पासून रीतसर बाद फेरी चालू आहे. मोठ्यांना ती सुचायला २०१४ उजाडलं.

सगळ्यात जुनी पद्धत मतदानाची. १९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेच्या मतदानात पत्रकार मत देतात, १९५० पासून प्रशिक्षकांचं वेगळं मतदान. हंगाम संपला की ज्याला जास्त मतं तो राजा. दोन मतदानांतून दोन राजे निघाले तर दोन. १९९०, १९९१ आणि १९९७ मध्ये निघालेच. ९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघेही अपराजित आणि दोघे समोरासमोर आलेच नाहीत. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात मोठी कुस्ती निकाली होईना की ती बरोबरीत सोडवतात आणि लोक पंचांना शिव्या घालत घरी जातात. इथे कुस्ती लावलीच नाही आणि बरोबरीत सोडवली.

अर्थात या पद्धतीचं मीठ आम्हीही खाल्लंय. फ्लोरिडा स्टेटचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९३ चं. त्या नोव्हेंबरात नोटर डेमने आम्हाला ३१-२४ हरवलं होतं. पुढच्याच आठवड्यात ते बॉस्टन कॉलेजकडून ४१-३९ हरले. शेवटी दोघांच्या नावावर एकेक हार, समोरासमोर जिंकलेले ते, आणि मतं आम्हाला. टॅलाहासीत या विषयाच्या कोणी फार खोलात जात नाही. आता मतदानाकडे परत जा म्हणणारा गंभीरपणे कोणी भेटत नाही, त्यामुळे तुमच्या निवडीतून हा पर्याय काढून टाकायला हरकत नाही.

प्रोफेसरांचा कॉम्प्युटर मात्र इतक्या सहज काढून टाकता येत नाही. १९९८ ते २०१३ हा बीसीएसचा (बोल चॅम्पियनशिप सिरीजचा) काळ. मतदानं आणि काही कॉम्प्युटरांचे क्रम एका सूत्रात घालून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांची एकच लढत लावायची. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, माझं तर हे पहिलं प्रेम. लॅबमध्ये असाइनमेंट बाजूला ठेवून आम्ही दोघं-तिघं आकडे मांडून बसायचो, की शनिवारी अमुक हरला तर आपण किती दशांशाने वर जाऊ. मी आलो त्याच वर्षी, २००० मध्ये, या सूत्राने आम्हाला घबाड दिलं. ऑक्टोबरमध्ये मायामीने आम्हाला २७-२४ हरवलं होतं. दोन्ही मतदानांत मायामी दुसरी होती. सूत्राने बेरीज केली आणि दुसरे आम्ही. माझा एक वर्गमित्र मायामीचा होता, तो ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलला. (मायामीला वॉशिंग्टनने हरवलं होतं आणि त्यांचीही एकच हार होती, पण ते त्याला ऐकायचं नव्हतं.) जानेवारीत ऑरेंज बोलमध्ये ओक्लाहोमाने आम्हाला १३-२ ने धुतलं. ते दोन गुणही आमच्या आक्रमणाने कमावलेले नव्हते, त्यांच्या चुकीतून पडलेले होते. वर्गमित्र दुसऱ्या दिवशी आपणहून कॉफी पाजायला आला.

कॉम्प्युटरची खरी अडचण आकड्यांत नव्हती, खुर्च्या दोनच होत्या यात होती. २००४ मध्ये यूएससी, ओक्लाहोमा आणि ऑबर्न असे तीन मोठे संघ अपराजित राहिले. ऑबर्न १२ पैकी १२ जिंकून बाहेर, आणि जे आत गेले त्यांच्यातला सामना ५५-१९. त्याच्या आदल्या वर्षी यूएससी दोन्ही मतदानांत पहिली असून सूत्रात तिसरी आली. ओक्लाहोमा मात्र स्वतःच्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ३५-७ असा हरूनही आत. एपीने सरळ यूएससीला विजेता म्हटलं, म्हणजे ज्या रोगासाठी औषध आणलं तोच पुन्हा वर आला. दर एक-दोन वर्षांनी सूत्राला ठिगळ लागायचं. आणि २०११ मध्ये तर अलाबामा आणि एलएसयू, एकाच कॉन्फरन्सच्या एकाच विभागातले, नोव्हेंबरात ९-६ खेळून झालेले, तेच पुन्हा जानेवारीत समोरासमोर. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत चार संघांचं प्लेऑफ मंजूर झालं.

तरीही प्रोफेसरांच्या बोलण्यात तथ्य आहे. सूत्र कसंही असलं तरी हंगाम सुरू व्हायच्या आधी छापलेलं असायचं. डिसेंबरात कोणी येऊन यंदा आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असं म्हणू शकत नव्हतं. २०१० ची एक गोष्ट मला फार आवडते. सहा कॉम्प्युटरांपैकी पाच जणांनी आपलं गणित गुलदस्त्यात ठेवलं होतं. कॉली नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं तेवढं उघड होतं. त्याच्या आकडेमोडीत खालच्या गटातला एक सामना भरायचा राहिला होता आणि त्यामुळे दहाव्या-अकराव्या क्रमांकावर बॉइझी स्टेट आणि एलएसयूची अदलाबदल झाली. हे बाहेरच्या एका माणसाने घरी बसून शोधलं, कारण गणित मांडून पाहता येत होतं. बाकी पाच जणांच्या चुका झाल्या असतील तर त्या त्यांच्याबरोबर गेल्या.

आता चार. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

२०१४ पासून १३ जणांची कमिटी आली. मंगळवारी रात्री टीव्हीवर क्रम जाहीर, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी अंतिम चार. कागदावर हे मला आजही चांगलं वाटतं. दोन उपांत्य, एक अंतिम, सुटसुटीत. नियमित हंगामाला धार होती. २०२१ मध्ये ओहायो स्टेट मिशिगनकडून ४२-२७ हरली आणि विजेतेपदाचा विषय त्या संध्याकाळीच संपला. आमच्या गल्लीत दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. ज्यांना असा चटका लागणारा नोव्हेंबर हवा, त्यांनी चारच्या बाजूने बोलावं, त्यांचं फारसं चुकणार नाही.

पहिल्याच वर्षी या कमिटीने माझ्या सासरला आत घेतलं. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) हंगामाआधीच खांद्यामुळे गेला, दुसऱ्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसरा, कार्डेल जोन्स, उतरला आणि विस्कॉन्सिनला ५९-० हरवून आला. टीसीयू आदल्या मंगळवारी तिसरी होती. शनिवारी तिने सामना ५५-३ जिंकला आणि रविवारी ती सहावी झाली. चौथी ओहायो स्टेट. पुढे अलाबामा आणि ऑरेगनला हरवून तीच विजेती. तेव्हा मी म्हणालो, बघा, कमिटीला कळतं. माणसांची पारख आहे. (माहेरचा संघ त्या वर्षी मोठ्यांतला एकटाच अपराजित असून तिसरा लावला होता, तेही मी गिळलं. उपांत्य फेरीत ऑरेगनने ५९-२० केल्यावर गिळायला सोपंही गेलं.)

मग आला ३ डिसेंबर २०२३. रविवार, दुपारचे बारा. बायकोने पोहे केले होते, मी बशी घेऊन टीव्हीसमोर, फोनवर टॅलाहासीचा जुना रूममेट. फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकलेली, कॉन्फरन्सची विजेती. घोर एकच. १८ नोव्हेंबरला आमचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता. त्यानंतर दुसऱ्या क्वार्टरबॅकने फ्लोरिडाला हरवलं. तो डोक्याच्या माराने बसला, तर तिसरा, पहिल्या वर्षाचा पोरगा, लुइव्हिलविरुद्ध उतरला आणि बचावाच्या जोरावर आम्ही १६-६ जिंकलो. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चारांच्या बाहेर राहिल्याचं तोवर एकदाही घडलं नव्हतं. पडद्यावर पहिली मिशिगन, दुसरी वॉशिंग्टन, तिसरी टेक्सास. चौथ्याच्या आधी जाहिरात. रूममेट म्हणाला, "जाहिरात लावली म्हणजे गेलो आपण." चौथी अलाबामा. एक सामना हरलेली.

कमिटीचं म्हणणं असं की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ तोच संघ नाही. त्यांच्या निकषांत महत्त्वाचा खेळाडू नसणं धरावं असं लिहिलेलं आहे, हे मान्य. अलाबामाने आदल्याच दिवशी जॉर्जियाला २७-२४ हरवलं होतं, तेही मान्य. रोझ बोलमध्ये त्यांनी मिशिगनला जादा वेळेपर्यंत खेचलं, आणि ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने आम्हाला ६३-३ केलं, हेही कोणीतरी सुनावतंच. (वीसहून जास्त खेळाडू त्या सामन्याला उतरलेच नव्हते. पण ६३-३ म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतो.)

मला खुपलं ते वेगळंच. २०१४ मध्ये तिसरा क्वार्टरबॅक घेऊन जिंकलात, म्हणून आत. २०२३ मध्ये तिसरा क्वार्टरबॅक घेऊन जिंकलात, म्हणून बाहेर. ५९-० आणि १६-६ यांत फरक आहे हे मलाही दिसतं, पण तो फरक किती धरायचा हे आधी कुठे लिहिलेलं होतं? ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिलं, की माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे संघ माझ्याशिवाय काय आहे ते तुम्हाला दिसलं असतं. ते वाचून मी टीव्ही बंद केला. पोहे तसेच राहिले होते, बायकोने मुकाट्याने गरम करून आणले. ओहायो स्टेटची असून तिने त्या दिवशी कार्डेल जोन्सचं नाव काढलं नाही, हे मी विसरणार नाही.

माझ्यापुरता चारचा विषय तिथे संपला. तेरा सामने मैदानावर जिंकून चौदावा खोलीत हरायचा, आणि त्या खोलीचा नियम दर वर्षी त्या वर्षाच्या संघांकडे बघून ठरायचा, हे मला झेपत नाही.

बारांचं प्लेऑफ पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये आलं. सगळ्यात वरच्या क्रमांकाचे पाच कॉन्फरन्स विजेते हक्काने आत, बाकी सात कमिटीच्या पसंतीने, चौघांना पुढे चाल. पहिली फेरी वरच्या मानांकनाच्या घरच्या मैदानावर. २१ डिसेंबरला रात्री आठला कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विरुद्ध टेनेसी, आणि लेकीच्या हट्टाने मी तिथे होतो. पारा शून्याच्या बराच खाली. सांगलीहून आईने पाठवलेली कानटोपी, वर कोटाची टोपी, पायात मोज्यांचे दोन जोड, तरी अंगठा लागत नव्हता. टेनेसीचे नारिंगी कपड्यांतले लोक इतके आले होते की पलीकडचा स्टँड विझत आलेल्या शेकोटीसारखा दिसत होता. ओहायो स्टेटने पहिल्या पंधरा मिनिटांत २१-० केलं, शेवटी ४२-१७. बोल सामना म्हणजे दूरच्या शहरात, उन्हात, हॉटेलची बिलं भरत बघायचा कार्यक्रम, असं मी वीस वर्षं समजत होतो. बाद फेरीचा सामना कॉलेजच्या गावात, पोरापोरींच्या गर्दीत, थंडीत बघणं ही चीजच निराळी. पण याला तुलनेत किती गुण द्यायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्याला थंडी सोसत नाही त्याला कदाचित शून्य.

बारांवरचा मुख्य आक्षेप खरा आहे आणि तो मी याच स्टेडियममध्ये तीन आठवडे आधी अनुभवला होता. ३० नोव्हेंबरला मिशिगन, क्रमवारीत कुठेच नसलेली, इथे येऊन १३-१० जिंकून गेली. लागोपाठ चौथ्या वर्षी हार. प्रशिक्षकाला हाकला म्हणून गाव पेटलं. आणि ५१ दिवसांनी तोच प्रशिक्षक अटलांटात चषक घेऊन उभा, नोटर डेमला ३४-२३ हरवून. शेजारचे आजोबा पन्नास वर्षं हा खेळ बघतायत. त्यांना म्हटलं, अभिनंदन. ते म्हणाले, मिशिगनकडून हरूनही विजेते झालो हे त्यांना अजून पचत नाही, आपण काहीतरी उधारीवर आणल्यासारखं वाटतं. चारच्या बाजूने मी ऐकलेलं यापेक्षा चांगलं बोलणं नाही. माझ्याकडे त्याला पुरतं उत्तरही नाही. फक्त एवढं म्हणेन की त्या चषकासाठी ओहायो स्टेटला टेनेसी, ऑरेगन, टेक्सास आणि नोटर डेम अशा चौघांना मैदानात लोळवावं लागलं, आणि ऑरेगनकडून ती ऑक्टोबरमध्ये एका गुणाने हरलेली होती.

खोली बारांतही आहेच. २०२५ मध्ये नोटर डेम महिनाभर कमिटीच्या क्रमवारीत मायामीच्या पुढे होती. शेवटच्या शनिवारी दोघींचाही सामना नव्हता. मधली बीवाययू हरली, दोन्ही नावं एकाखाली एक आली आणि मग कमिटीला आठवलं की ऑगस्टमध्ये मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं. बसल्या जागी अदलाबदल. नोटर डेमने रागाने बोल सामनाच नाकारला. अलाबामा मात्र कॉन्फरन्सचा अंतिम सामना २८-७ हरूनही नवव्या क्रमांकावर जशीच्या तशी. म्हणजे रोग गेलेला नाही. पण कुठे सरकलाय पाहा. पूर्वी तो चौथ्या-पाचव्यात होता आणि त्यात तेरा सामने जिंकलेला संघ मरत होता. आता दहाव्या-अकराव्यात आहे. नोटर डेम १०-२ होती. त्या दोन हारींपैकी एक टाळली असती तर हा प्रश्नच आला नसता. माझं मन त्यांच्यासाठी हळहळतं, पण त्या रविवारी दुपारी हळहळलं होतं तितकं नाही. आणि ज्या मायामीला ढकलून आत घेतलं तिने टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिसला हरवून अंतिम सामना गाठला. तिथे इंडियाना २७-२१ जिंकली, १६ पैकी १६. दशकानुदशकं हरण्यासाठीच ओळखली जाणारी इंडियाना!

पाच विजेत्यांच्या हक्काच्या जागांवर लोक फार चिडतात. २०२५ मध्ये त्या दारातून तुलेन आणि जेम्स मॅडिसन आत आले, आणि पहिल्याच फेरीत ४१-१० आणि ५१-३४ हरून गेले. बघायला मजा आली नाही, हे कबूल. पण मला संपूर्ण पद्धतीत तेच कलम सगळ्यात जवळचं वाटतं, कारण एवढ्याच जागांसाठी कोणाला आवडावं लागत नाही, आपल्या कॉन्फरन्समध्ये जिंकून क्रमवारीत पुरेसं वर असावं लागतं. क्रमवारी कमिटीचीच, हा त्यातला खडा. तो काढून तिथे प्रोफेसरांचं सूत्र बसवलं, सहाच्या सहा गणितं उघडी ठेवून, तर मी लगेच सही करीन. पण तसं कोणी करत नाहीये. सोळा करा, चोवीस करा अशीच बोलणी चालू आहेत. सोळा मला चालतील. चोवीस म्हणजे मात्र शेजारच्या आजोबांचं खरं होईल.

तर भाच्याला मी असं सांगितलं. तुझा संघ दर वर्षी पहिल्या पाचात असेल आणि नोव्हेंबरचा एकेक शनिवार जीव मुठीत धरून बघायला आवडत असेल, तर चार म्हण. नियम आधी छापलेला हवा असेल तर प्रोफेसरांना चहा पाज. मला विचारशील तर बारा, आणि का ते तुला आता कळलं असेल.

तो म्हणाला, "म्हणजे मामा, आता तुमच्या संघावर अन्याय व्हायचा नाही." खरंय. बारांचं दार उघडलं त्याच २०२४ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट बारापैकी दहा सामने हरली. कमिटीला आमचा विचारच करावा लागला नाही.